ब्रेन हॅमरेज: आयसीयूच्या दाराबाहेर विचारले जाणारे प्रश्न

न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात रोज तेच प्रश्न कानावर पडतात, विचारणारी माणसं तेवढी रोज नवी असतात. 'हॅमरेज झालंय' एवढंच त्यांना कळलेलं असतं. बाकीचं आम्ही घाईत, उभ्याउभ्या सांगितलेलं असतं आणि त्यातलं निम्मं त्या क्षणी डोक्यात शिरत नाही. ते पुन्हा निवांत वाचता यावं म्हणून हे लिहिलंय. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: रक्त कुठे साचलंय, किती वेगाने साचतंय आणि कशामुळे आलंय, या तीन गोष्टींवर पुढचं जवळजवळ सगळं ठरतं. शेजारच्या बेडवरच्या पेशंटचं ऑपरेशन झालं आणि आपल्याचं का नाही, याचं उत्तरही बहुतेक वेळा त्यातच सापडतं. तुमच्या पेशंटबद्दलचा निर्णय अर्थातच त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचा.

डोक्यात रक्तस्राव होतो म्हणजे आत नेमकं काय घडतं?

हाताला जखम झाली की रक्त बाहेर वाहून जातं, नाहीतर कातडीखाली टेंगूळ येतं. कवटीत ती सोय नाही. मोठ्या माणसाची कवटी म्हणजे हाडाची बंद पेटी. तिच्यात साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅमचा मेंदू, रक्तवाहिन्यांमधलं रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी, एवढंच मावतं. रक्तवाहिनी फुटून आणखी काही आत शिरलं, की कुणाला तरी जागा सोडावी लागते. आधी ते पाणी पाठीच्या कण्याकडे सरकतं, मग शिरांमधलं रक्त कमी होतं. तोवर आतला दाब फारसा हलत नाही. ही उसनी जागा संपली की मात्र चमचाभर जादा रक्तानेही दाब झपाट्याने चढतो. 'अर्ध्या तासापूर्वी चांगले बोलत होते हो' हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकतो, त्याचं कारण हेच.

निरोगी मोठ्या माणसात हा दाब साधारण ७ ते १५ मिलिमीटर पारा एवढा असतो. तो २० च्या वर जाऊन तिथेच राहिला की मेंदूला रक्त पोचणं अवघड होऊ लागतं.

नुकसान दोन टप्प्यांत होतं. रक्ताच्या लोंढ्याने मेंदूचे तंतू फाटतात ते त्याच क्षणी, आणि ते कुणाच्याच हातात नसतं. नंतर काही दिवस सांडलेलं रक्त आजूबाजूच्या भागाला सूज आणत राहतं. आयसीयूतली सगळी धडपड या दुसऱ्या टप्प्यासाठी चाललेली असते.

हॅमरेज आणि पक्षाघाताचा झटका एकच का?

हॅमरेज हा झटक्याचाच एक प्रकार. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली तरी झटका येतो आणि फुटली तरी येतो. बंद पडण्याचे प्रकार जास्त. बाहेरून दोन्हींत तोंड वाकडं होतं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो, जीभ अडखळते. नुसतं बघून कितीही अनुभवी डॉक्टरला खात्रीने फरक सांगता येत नाही, तो सीटी स्कॅनच सांगतो. आणि उपचार तर एकमेकांच्या अगदी उलट: एकात गुठळी विरघळवायची, दुसऱ्यात रक्त गोठायला मदत करायची.

रिपोर्टवर 'एपिड्यूरल', 'सबड्यूरल' असं काहीतरी लिहिलंय. हे काय?

ही जागांची नावं आहेत. मेंदूवर तीन आवरणं असतात. रक्त कोणत्या थरात साचलं त्यावरून नाव पडतं.

कवटीचं हाड आणि सगळ्यात बाहेरचं जाड आवरण यांच्यामध्ये साचलं तर एपिड्यूरल. कानशिलाजवळ हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. तिथे मार बसून हाड तडकलं की ती फाटते. धमनीचं रक्त जोराचं. माणूस पडतो, क्षणभर बेशुद्ध होतो, उठून बसतो, 'मला काही झालं नाही' म्हणतो, आणि काही तासांत कोसळतो. सगळ्यांच्याच बाबतीत हा मधला बरा काळ येतो असं नाही, पण आला की घात करतो, कारण घरचे त्यावर विश्वास ठेवतात. सीटीवर साचलेल्या रक्ताची ही गाठ भिंगासारखी फुगीर दिसते.

जाड आवरणाच्या खाली साचलं तर सबड्यूरल. इथे बहुधा धमनी नव्हे, तर मेंदूच्या पृष्ठभागावरून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा तुटतात. सीटीवर आकार चंद्रकोरीसारखा. मोठ्या अपघातात ते तासांत जमतं, म्हातारपणी हळूहळू आठवड्यांत. दुसऱ्या प्रकाराबद्दल पुढे वेगळं लिहिलंय.

त्याच्याही खाली, जिथे मेंदूभोवतीचं पाणी खेळतं, तिथे रक्त पसरलं तर सबअरॅकनॉइड. डोक्याला मार नसताना हे झालं असेल, तर दर शंभरातल्या साधारण पंच्याऐंशी पेशंटमध्ये धमनीवरचा फुगा फुटलेला निघतो.

खुद्द मेंदूच्या आत गाठ झाली तर इंट्रासेरेब्रल. लोक साध्या बोलण्यात 'ब्रेन हॅमरेज' म्हणतात ते बहुतेक हेच. हे रक्त कधी कधी मेंदूच्या आतल्या पाण्याच्या पोकळ्यांत फुटतं. तिथे गुठळीने वाट अडली की पाणी तुंबतं आणि दाबाचं दुसरंच संकट उभं राहतं.

कोणत्या लक्षणांवर अजिबात थांबायचं नाही?

आयुष्यात कधी झाली नाही अशी, सेकंदांत टिपेला पोचलेली डोकेदुखी. पेशंट अचूक वेळ सांगतात: 'नळ बंद करत होतो तेव्हा झालं.' डोकेदुखी कधी सुरू झाली हे इतकं नेमकं सांगता येणं, हीच धोक्याची खूण. सोबत उलटी, मान आखडणं, उजेड सहन न होणं.

एका बाजूची ताकद जाणं, शब्द न सापडणं, एकाचं दोन दिसणं, अचानक तोल जाणं, पहिल्यांदाच फिट येणं. किंवा नुसतंच 'आज हे वेगळेच वागतायत'. डोक्याला मार लागलेला माणूस अवेळी झोपाळला, तर 'दमलाय, झोपू द्या' म्हणू नका.

हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत घरच्यांनी काय करायचं?

ज्या हॉस्पिटलात सीटी स्कॅन आहे तिथेच न्या. माणूस अर्धवट शुद्धीत असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं ती वेळ लक्षात ठेवा. रोजच्या गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी सोबत घ्या. 'एक पांढरी, एक गुलाबी' याचा आम्हाला उपयोग होत नाही.

आता काय करू नये ते, कारण चुका इथेच होतात. ॲस्पिरिन देऊ नका. छातीत दुखल्यावर ती देतात हे ऐकून माणसं डोक्याच्या झटक्यातही देतात, आणि रक्तस्राव चालू असेल तर तो वाढायला हातभार लागतो. बीपी दोनशे दिसलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवू नका. दाब एकदम कोसळला तर मेंदूचा उरलेला रक्तपुरवठाही जातो. पाणीसुद्धा पाजू नका, गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते. फिट आली तर दातांत चमचा घालू नका.

इतकी साधी तब्येत होती, मग हे झालंच कशामुळे?

मार लागलेला नसेल तर पहिला संशय उच्च रक्तदाबावर. मेंदूच्या खोल भागात मोठ्या धमनीतून काटकोनात फुटणाऱ्या केसासारख्या फांद्या आहेत. वर्षानुवर्षं जास्त दाब सोसून त्यांच्या भिंती ठिसूळ होतात. त्यामुळे बीपीचं हॅमरेज ठराविक जागीच सापडतं: मेंदूच्या गाभ्यात, मेंदूच्या देठात, नाहीतर मागच्या लहान मेंदूत. बीपी दुखत नाही, हीच त्याची अडचण. 'त्यांना काही त्रासच नव्हता' असं घरचे म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. कोसळल्यावर डॉक्टरांनी त्यांचं बीपी मोजलं ते ३०० वर १९० होतं. ते वाढलेलं आहे हे आधीही माहीत होतं, पण चांगली औषधंच तेव्हा नव्हती. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या गोळ्यांतल्या पहिल्या १९५० च्या दशकाच्या शेवटी आल्या. आज औषधं आहेत, आणि 'आता नॉर्मल आलंय' म्हणून ती बंद केली जातात. हे बघून चिडचिड होते, लपवत नाही.

सत्तरीच्या पुढच्या माणसात मेंदूच्या पृष्ठभागाजवळ गाठ निघाली, तर रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन हे कारण असू शकतं. तरुण पेशंटमध्ये धमन्या आणि शिरांचा जन्मजात गुंता आहे का ते शोधतात. याखेरीज रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अति मद्यपान, लिव्हरचे आजार, कोकेनसारखी नशा, मेंदूतला ट्यूमर. एक प्रकार मात्र नातेवाइकांना हमखास गोंधळात टाकतो: मेंदूतून रक्त परत नेणारी मोठी शीरच गुठळीने बंद होते, मागे रक्त तुंबतं आणि मग झिरपतं. तिथे रक्तस्राव दिसत असूनही आम्ही रक्त पातळ करायचंच इंजेक्शन देतो, कारण मूळ दोष गुठळीचा असतो.

आधी सीटी का? एमआरआय जास्त चांगला ना?

एमआरआयला वेळ लागतो, आणि अस्वस्थ माणूस तेवढा वेळ स्थिर राहत नाही. सीटी मिनिटांत होतो आणि त्यावर ताजं रक्त पांढरंशुभ्र दिसतं, नवख्यालाही कळेल इतकं. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी बनवलेल्या यंत्रावर १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या पेशंटच्या डोक्याचा सीटी झाला. त्याआधी कवटीच्या आतलं रक्त असं थेट दिसतच नव्हतं, आडून अंदाज बांधावा लागायचा.

सबअरॅकनॉइड रक्तस्रावात दुखायला लागल्यापासून सहा तासांत केलेला चांगला सीटी सहसा चुकत नाही. त्यानंतर रक्त पाण्यात मिसळून फिकट होत जातं. मग सीटी साफ असूनही शंका उरली तर पाठीतून सुई घालून पाणी तपासतात. ते पिवळसर आलं तर वर रक्त सांडलेलं असण्याची शक्यता मोठी. एमआरआय नंतर, कारण शोधायला. फुगा किंवा गुंता शोधायचा असेल तर अँजिओग्राफी.

काही तासांनी पुन्हा सीटी काढतात, तेव्हा 'परत कशाला?' असं विचारलं जातं. मेंदूच्या आतल्या गाठींपैकी साधारण एक तृतीयांश पहिल्या दिवसात वाढतात. ते वेळेत कळायला हवं.

आम्हाला आत सोडत नाहीत. पहिल्या काही तासांत आत काय चाललेलं असतं?

सगळ्यात आधी श्वास. पेशंट खोल बेशुद्धीत असेल तर घशात नळी घालून व्हेंटिलेटर जोडतात. मग बीपी. मेंदूच्या आतल्या रक्तस्रावात वरचं बीपी १४० च्या आसपास आणायचा प्रयत्न असतो, पंपातून थेंबाथेंबाने, एका दमात नाही.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचा उतारा द्यायचा. वॉरफेरिनसाठी व्हिटॅमिन के आणि रक्त गोठवणाऱ्या घटकांचं इंजेक्शन, हेपॅरिनसाठी प्रोटामिन, डाबिगाट्रानसाठी इडारुसिझुमॅब. ॲस्पिरिन घेणाऱ्यांना पूर्वी प्लेटलेट चढवत. २०१६ सालच्या एका मोठ्या चाचणीत ऑपरेशन न होणाऱ्या पेशंटना त्याने फायदा तर नाहीच, उलट नुकसानच झालेलं दिसलं. म्हणून 'प्लेटलेट का देत नाही?' याचं उत्तर दर वेळी निष्काळजीपणा नसतं.

बेडचं डोकं साधारण तीस अंश वर ठेवतात, म्हणजे शिरांमधलं रक्त सहज उतरतं. सूज वाढली तर मॅनिटॉल किंवा तीव्र मिठाचं सलाइन. स्टेरॉइडचा मेंदूच्या आतल्या रक्तस्रावात उपयोग नाही.

आणि दर तासाला सिस्टर येऊन पेशंटला हलवतात. डोळे उघडा. जीभ दाखवा. दोन बोटं दाखवा. मग टॉर्च पाडून दोन्ही बाहुल्या बघतात. नातेवाइकांना वाटतं, बिचाऱ्याला झोपू का देत नाहीत? पण काल दोन बोटं दाखवणारा आज फक्त हात ओढून घेतो, हा फरक मॉनिटरवर दिसत नाही. तो सिस्टरच्या तासाच्या नोंदीतच सापडतो. रात्री तीन वाजता एक बाहुली मोठी झालेली दिसणं आणि सकाळी राउंडला दिसणं, यात कधी कधी जीव असतो.

गाठ दिसतेय ना? मग ऑपरेशन करून काढून का टाकत नाहीत?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि त्याचं उत्तर उभ्याउभ्या देणं सगळ्यात अवघड.

मेंदूच्या आतली गाठ वेगळी उचलून काढता येईल अशी, डब्यात ठेवलेल्या वस्तूसारखी नसते. ती तंतू फाडून त्यांच्यामध्ये शिरलेली असते. खोल गाठीपर्यंत पोचायचं तर वरचा चांगला मेंदू ओलांडून जावं लागतं. हात-पाय, वाचा, शुद्ध यांचे धागे त्याच वाटेने जातात. गाठ निघेल, पण वाटेत आणखी काही जाईल. शिवाय जे तंतू फाटलेत ते गाठ काढल्याने जुळत नाहीत.

हे नुसतं डॉक्टरांचं मत नाही. हजाराहून जास्त पेशंटवर झालेली स्टिच नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली. लवकर ऑपरेशन आणि आधी औषधोपचार, या दोन गटांत शेवटी एकंदर फरक निघाला नाही. पुढे लहान भोकातून, नळीवाटे, आजूबाजूला कमीत कमी धक्का लावत गाठ शोषून घेण्याच्या पद्धती आल्या. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एन्रिच चाचणीत चोवीस तासांच्या आत असं ऑपरेशन केलेल्या पेशंटची स्थिती पुढे चांगली राहिली. पण बारकाईने पाहिलं तर तो फायदा मेंदूच्या पृष्ठभागाजवळच्या गाठींचा होता, गाभ्यातल्या खोल गाठींचा नाही. पुन्हा तेच: रक्त कुठे आहे?

काही वेळा गाठ न काढता फक्त कवटीचं मोठं हाड उचलतात, सुजलेल्या मेंदूला जागा मिळावी म्हणून. त्याने जीव वाचू शकतो. गेलेली ताकद परत आणायचं ते ऑपरेशन नाही. संमतिपत्रावर सही करण्याआधी 'हे जीव वाचवायला आहे की कमजोरी भरून काढायला?' एवढं एकच विचारलं, तरी पुढचा बराच गैरसमज टळतो.

लहान गाठ, शुद्धीत असलेला पेशंट, तर गाठ आपोआप काही आठवड्यांत विरघळते. तिथे न कापणं हाच उपचार.

मग लगेच ऑपरेशन कुणाचं करतात?

मोठ्या एपिड्यूरलचं. तिथे मेंदू बऱ्याचदा शाबूत असतो, फक्त वरून दाबला गेलेला. वेळेत रक्त काढलं तर माणूस पुन्हा पूर्वीसारखा होऊ शकतो. मेंदूला ढकलणाऱ्या ताज्या सबड्यूरलचं. लहान मेंदूतल्या साधारण तीन सेंटिमीटरहून मोठ्या गाठीचं, कारण तिथे जागा फारच थोडी आणि पुढ्यातच श्वास चालवणारा मेंदूचा देठ. आणि पाणी तुंबलं असेल तर पोकळीत बारीक नळी घालून ते बाहेर पिशवीत काढतात.

या नळीबद्दल एक विनंती. पिशवीची उंची पेशंटच्या कानाच्या पातळीवरून मोजून लावलेली असते. बाबा घसरलेत म्हणून त्यांना परस्पर वर सरकवलंत किंवा बेड वरखाली केलात, तर पाणी एकदम जास्त वाहतं किंवा थांबतं. आधी सिस्टरना हाक मारा.

आजोबा दीड महिन्यापूर्वी पडले होते. तेव्हा काही झालं नाही आणि आता म्हणतात डोक्यात रक्त आहे. असं कसं?

वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो. कवटी आणि मेंदू यांच्यातलं अंतर वाढतं, मधल्या शिरा ताणलेल्या राहतात. दाराला डोकं आपटलं, एवढंही कधी कधी पुरतं. थोडं रक्त साचतं, त्याभोवती नवं पातळ आवरण तयार होतं, त्या आवरणातल्या नाजूक वाहिन्या पुन्हा पुन्हा झिरपतात. आठवडे उलटतात. मग चालणं अडखळतं, विसरायला होतं, एक हात मंद पडतो. घरात सगळे 'वय झालं' म्हणतात. काहींना तर स्मृतिभ्रंश झाला असंच धरून चालतात.

वर म्हटलेलं हळूहळू जमणारं सबड्यूरल ते हेच. हे ओळखता आलं की समाधान वाटतं, कारण याचं ऑपरेशन त्या मानाने छोटं. कवटीला बोराएवढी एक-दोन भोकं पाडतात, गरज पडली तर नुसती जागा बधिर करूनही. आवरणाला छेद दिला की मशिनच्या जुन्या तेलासारखं काळपट पाणी दाबाने बाहेर येतं, कधी थेट ऑपरेशनच्या चादरीवर उडतं. मग सलाइनने धुवून एक-दोन दिवसांसाठी नळी ठेवतात. नळी ठेवली तर पुन्हा साचण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं, असं २००९ सालच्या एका अभ्यासात दिसलं. बरेच पेशंट दुसऱ्या दिवशी घरच्यांशी नीट बोलतात. तरीही काहींत ते परत साचतं. अलीकडे त्या आवरणाला रक्त पुरवणारी धमनी आतून बंद करण्याचा उपायही वापरात आलाय.

फुगा फुटलाय म्हणतात. क्लिप की कॉइल?

धमनीला फांदी फुटते तिथे भिंत कमजोर होऊन फुगा येतो. तो फुटून तात्पुरता थांबलेला असतो, म्हणून पेशंट आपल्यापर्यंत पोचतो. पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सगळ्यात जास्त, आणि दुसऱ्यांदा फुटणं फार महागात पडतं. त्यामुळे शक्य तितक्या लवकर तो बंद करायचा.

क्लिपिंगमध्ये कवटी उघडून फुग्याच्या मानेवर धातूचा छोटा चिमटा लावतात. वॉल्टर डँडी यांनी १९३७ साली ते पहिल्यांदा केलं. कॉइलिंगमध्ये मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरतात. दोन्ही करता येतील अशा पेशंटची तुलना करणाऱ्या २००२ सालच्या आयसॅट चाचणीत, वर्षभराने मृत किंवा परावलंबी राहिलेल्यांचं प्रमाण कॉइलमध्ये सुमारे २४ टक्के आणि क्लिपमध्ये सुमारे ३१ टक्के निघालं. मात्र कॉइल पुढे दबून फुगा पुन्हा भरू शकतो, म्हणून नंतरच्या अँजिओग्राफीच्या तारखा चुकवायच्या नाहीत. रुंद मानेचा फुगा, किंवा मेंदूत मोठी गाठही झालेली असेल, तर क्लिप सरस ठरू शकते. 'कवटी न उघडता' हे ऐकून हुरळून जाऊ नका. फुग्याचा आकारच बहुधा निवड करतो.

ऑपरेशन चांगलं झालं म्हणाले. मग अजून आयसीयूतच का?

कारण फुटलेल्या फुग्याचं दुसरं संकट उशिरा येतं. बाहेर सांडलेल्या रक्तामुळे चौथ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत मेंदूच्या धमन्या आकसू शकतात, आणि चांगला बोलणारा पेशंट सातव्या दिवशी गोंधळतो. त्यासाठी निमोडिपिनची गोळी दर चार तासांनी, एकवीस दिवस. मध्यरात्री उठवूनही. यात उगाच काही नाही.

व्हेंटिलेटर लावला म्हणजे आशा सोडायची का?

नाही. व्हेंटिलेटर श्वासनलिका सुरक्षित ठेवायला असतो, बऱ्याचदा झोपेचं औषधही आम्हीच चालू ठेवलेलं असतं. शुद्धीचा अंदाज ग्लासगो कोमा स्केलने घेतात: सर्वांत कमी ३, सर्वांत जास्त १५. आठ किंवा त्याखाली असेल तर बहुधा नळी घालावी लागते. मेंदूच्या आतल्या रक्तस्रावात पहिल्या महिन्यात साधारण दहातले चार जण दगावतात. हा आकडा मी लपवत नाही. पण त्यात छोटी गाठ असलेला पन्नाशीचा माणूसही आहे आणि मेंदूचा देठ गेलेला पेशंटही. पहिल्या चोवीस तासांत 'काही उपयोग नाही' असा शिक्का मारला की उपचार ढिले पडतात आणि शिक्का आपोआप खरा ठरतो. म्हणूनच निदान दुसरा दिवस पूर्ण होईपर्यंत उपचार आवरते घेऊ नयेत असं मार्गदर्शक सूचनाही सांगतात. पेशंटने आपली इच्छा आधीच लिहून ठेवली असेल तर गोष्ट वेगळी.

हृदयासाठीची रक्त पातळ करणारी गोळी आता कायमची बंद?

आपल्या मनाने बंद ठेवू नका, आपल्या मनाने सुरूही करू नका. कृत्रिम झडप असेल तर गोळीविना राहणं धोक्याचं. अमायलॉइडचा आजार असेल तर गोळी घेणं धोक्याचं. हृदयाचे आणि मेंदूचे डॉक्टर मिळून तारीख ठरवतात, आणि ती बहुतेक वेळा आठवड्यांनंतरची असते.

नव्या सीटीत गाठ पूर्ण गेलीय. मग हात अजून का उचलत नाही?

गाठ विरघळली म्हणजे रस्त्यावरची दरड हटली. खालचा रस्ता उखडलाय तो वेगळा. मेंदू शेजारच्या वाटांनी काम करायला शिकतो, पण त्याला सराव लागतो, कंटाळा येईल इतका. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते; हॅमरेजनंतर ती सहा महिने, वर्षभर चालू राहू शकते. पाय सहसा हाताच्या आधी सुधारतो, बोटं सगळ्यात शेवटी. फिजिओथेरपी आयसीयूतच, पेशंट स्थिर झाला की सुरू होते. गिळण्याची चाचणी झाल्याशिवाय तोंडाने काही देऊ नका, प्रेमापोटीसुद्धा. न्यूमोनिया असाच होतो.

चिडचिड, रडू येणं, दुपारीच थकून जाणं हेही आजाराचाच भाग. स्वभाव बदलला म्हणून भांडू नका, डॉक्टरांना सांगा. नैराश्यावर औषध असतं. वाहन चालवणं डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

हे पुन्हा होईल का?

होऊ शकतं, आणि ते टाळायचं सगळ्यात मोठं हत्यार कंटाळवाणं आहे: बीपी १३० वर ८० च्या आत, कायम. घरी मशिन घ्या, बसून पाच मिनिटांनी मोजा, वहीत लिहा. तंबाखू आणि सिगारेट बंद, दारूही. फुग्याच्या बाबतीत तंबाखूचा धूर हा बीपीइतकाच मोठा शत्रू.

घरातल्या सगळ्यांनी तपासणी करून घ्यायची का?

एकालाच झालं असेल तर सहसा गरज नसते. आई-वडील, भावंडं, मुलं यांपैकी दोघांना किंवा जास्त जणांना फुगा असेल, किंवा घरात किडनीत अनेक गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असेल, तर विचारा. मोठ्या माणसांपैकी सुमारे तीन टक्क्यांत न फुटलेला फुगा असतो आणि त्यातले बहुतेक कधीच फुटत नाहीत. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एमआरआयमध्ये तो सापडला तर रात्रीची झोप उडवून घेऊ नका. आकार, जागा आणि वय बघून बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवतात.

कवटीचं काढलेलं हाड कुठे जातं?

टाकून देत नाहीत. नाव-तारीख लिहून अतिथंड फ्रीजरमध्ये ठेवतात, किंवा पेशंटच्याच पोटाच्या कातडीखाली. सूज उतरल्यावर, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ते परत बसवतात. खराब झालं तर टायटॅनियमची जाळी किंवा स्कॅनवरून मापाने बनवलेला तुकडा. तोवर त्या बाजूला डोकं मऊ लागतं, बसल्यावर खळगा पडतो. त्या कुशीवर झोपवू नका, आणि चालायला लागले की डोक्यावर हेल्मेट राहू द्या.